दोन इंच कमी

समजा, तुमच्या हातात टेप आहे. समोर एक बाई उभी आहे. तिने पदर बाजूला केलाय, हात अंगापासून जरा लांब धरलेत आणि श्वास आत ओढून घेतलाय. तुम्हाला तिच्या ब्लाऊजचं माप घ्यायचं आहे. टेप पाठीकडून फिरवून पुढे आणा, आत दोन बोटं राहू द्या, आणि थांबा. लगेच वाचू नका. ती श्वास सोडेपर्यंत वाट पाहा, कारण लग्नाच्या हॉलमध्ये चार तास कुणी श्वास रोखून बसत नाही. ती सोडते. टेप सरकते. आकडा चाळीस आहे. मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर तिची सासू बसली आहे आणि सासूचे कान तुमच्या तोंडाकडे आहेत. आता तो आकडा सांगा.

देवकीकाकू बांते यांनी तो सांगितला होता. बावीस वर्षांपूर्वी, नंदनवन वस्तीतल्या घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून त्यांना महिनाही झाला नव्हता. माया नावाची नवी सून होती, बाळंतपणाला वर्ष झालेली. काकू म्हणाल्या, "छाती चाळीस." सासू पान चघळत म्हणाली, "चाळीस? अवो, आमच्या गोठ्यातल्या म्हशीले एवढी झूल लागत नाही." खोलीत आणखी दोघीतिघी होत्या. सगळ्या हसल्या. मायाही हसली. मग तिने पदर घेतला, ब्लाऊजपीस उचललं, "नंतर येते" म्हणाली आणि परत कधी आली नाही.

तेव्हापासून काकूंनी एक पद्धत पाडली. टेपवर दिसेल तो आकडा वहीत लिहायचा आणि तोंडाने दोन इंच कमी सांगायचा. अडतीस असेल तर छत्तीस. कंबर बत्तीस असेल तर तीस. कपडा वहीतल्या मापावर कापायचा, म्हणजे अंगाला बरोबर बसायचा. बाईला वाटायचं, छत्तिसाचा ब्लाऊज झाला मला! ती घरी जाऊन बहिणीला सांगायची, बहीण जावेला. हळूहळू अशी ख्याती झाली की देवकीकाकूंच्या हाताला माप कमी भरतं. प्रताप नगरहून बाया दोन ऑटो बदलून नंदनवनात यायच्या. माझी आई तर त्यांच्याच गल्लीतली, जुनं गिऱ्हाईक. वही मात्र कुणाच्या हाती जात नसे. ती कटिंगच्या टेबलाच्या खणात असायची.

मी इंजिनिअरिंगला होते तेव्हा मोजमापाच्या प्रयोगशाळेत आम्हाला सांगत, एखादं यंत्र नेहमी एकाच बाजूला आणि नेहमी तेवढंच चुकत असेल तर घाबरायचं कारण नाही, ती चूक वजा करून काम चालतं. भीती बदलत्या चुकीची. काकूंची चूक बावीस वर्षं दोन इंचांवर स्थिर होती आणि तिने कुणाचं वाईट केलं नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हो न. मिनलच्या वेळेसच मी ते बदलवलं."

मिनल म्हणजे आमच्या गल्लीतल्या प्रमोदिनीताईंची मुलगी. वय सव्वीस, सदर भागातल्या एका ऑफिसात अकाउंट्सचं काम. हसायला लागली की थांबायची नाही. लहानपणापासून भरलेल्या अंगाची, आणि त्याचं तिला फार काही वाटत असेल असं कधी दिसलं नव्हतं. शनिवारी सकाळी तर्री-पोह्याच्या गाडीवर सगळ्यात आधी तीच उभी असायची. "भैया, तर्री जास्त, और लाज मत करना" असं ओरडून सांगायची.

फेब्रुवारीत तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. मुलगा प्रताप नगरचा, नाव पियूष, बँकेत. माणसं चांगली. हुंडा नाही, मागणी नाही. साक्षगंधानंतर मुलाच्या आईने एक पिशवी पाठवली. आत त्यांच्या घरचा शालू होता. पियूषची मोठी बहीण श्वेता त्याच शालूत बोहल्यावर चढली होती, आणि घरात येणाऱ्या सुनेनेही तोच नेसायचा अशी त्यांची रीत. सोबत श्वेताचा शिवलेला ब्लाऊज होता. फोनवर मुलाची आई एवढंच म्हणाली, "ब्लाऊज त्याच कापडाचा आहे बरं का. झाला तर झाला. नाही तर दुसरा शिवून घ्या, काही हरकत नाही."

हरकत नाही. हे तीनदा म्हणाली होती ती, असं प्रमोदिनीताई सांगतात. पण मिनलने पहिलं वाक्यच धरलं. झाला तर झाला.

ब्लाऊज घेऊन ती काकूंकडे आली. काकूंनी तो उलटा केला, शिवण चाचपली. श्वेताचा ब्लाऊज चौतीसचा होता. पण शिवणारा जुना कारागीर असावा, त्याने आत दोन्ही बाजूंनी भरपूर कापड ठेवलं होतं.

"अर्ध्या तासाचं काम आहे वं," काकू म्हणाल्या. "उसवते, सैल करून देते. वरून कोणाले समजणार नाही."

"नको काकू. अजून तीन महिने आहेत. मी यात बसून दाखवते."

"कोणाले दाखवतं? तुह्या नणंदेले?"

"मलाच." मग हसली. "आणि तुमच्या दोऱ्याने नाही बसायचं मला. तुम्ही हात नाही लावायचा. घ्या शपथ."

काकूंनी शपथ घेतली. मग मिनलने पडद्यामागे जाऊन माप दिलं. टेपवर अडतीस होतं. काकू नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "छत्तीस."

"बस? दोनच इंच जास्त?" मिनलचे डोळे चमकले. "हे तर यूं होऊन जाईल!"

तिला खरं तर चार इंच कमी व्हायचं होतं. तिला दोनच वाटले. तिथून सगळं सुरू झालं.

ती दर रविवारी सकाळी यायला लागली. पहिला आठवडा तिने भात सोडला, पोळी सोडली. डब्यात काकडी आणि उकडलेली मटकी. रविवारी आली तेव्हा चेहरा उतरला होता, ओठ सुकले होते, पण पायरी चढतानाच तिने विचारलं, "काकू, किती?" काकूंनी टेप लावली. अडतीस. जिथल्या तिथे. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. आठ दिवस उपाशी राहिलेली पोर, हात वर धरून उभी. छत्तीस म्हटलं तर ती रडेल, असं त्यांना वाटलं.

"साडेपस्तीस," त्या म्हणाल्या.

मिनलने त्यांना मिठी मारली. काकूंनी तिला खाली बसवलं, आतून पोहे आणले. "आता खाय. अर्धा इंच कमी झाला न, आता थोडं खाल्लं तरी चालते."

"आता तर बिलकुल नाही," ती म्हणाली. "आता तर फॉर्म्युला सापडला."

ही काकूंची पहिली चूक. त्या पुन्हा पुन्हा सांगतात की त्यांचा हिशेब साधा होता. पोरीला बरं वाटेल, बरं वाटलं की खाईल. खोटं बोलून भूक परत आणता येते, असं त्यांना वाटलं. बावीस वर्षं बाया त्यांच्या खोलीतून कमी आकडा घेऊन जात आणि घरी जाऊन आनंदात जेवत. मिनलच्या बाबतीत ते उलटं फिरेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. कमी आकडा ऐकून ती आणखी कमी खायची. मग खरा आकडाही थोडा उतरायचा. काकू आपला आणखी थोडा उतरवून सांगायच्या.

गल्लीतले लोक खूश होते, हे विसरता येत नाही. मार्च संपेपर्यंत मिनलच्या गालांची हाडं वर आली तेव्हा जो भेटेल तो म्हणायचा, "काय मेंटेन केलं वं!" दूधवाला म्हणाला, "दीदी, हिरोईन झाल्या." तिच्या ऑफिसातल्या मुली तिला डाएट विचारायच्या. सव्वीस वर्षांत तिला कुणी एवढं पाहिलं नव्हतं. तिच्या विनोदावर हसणारे पुष्कळ होते, पण तिच्याकडे असं थांबून पाहणारं कुणी नव्हतं. माझ्या आईनेसुद्धा मला फोन करून सांगितलं, "मिनल काय सुंदर दिसून राहिली. तू पण थोडं चालत जा न." मी पुण्यात नोकरीला होते. त्या दिवशी मीही जेवण अर्धं टाकलं, हे इथे लिहिलंच पाहिजे.

प्रमोदिनीताई काळजीत नव्हत्या असं नाही. त्या तिला ताटावर बसवायच्या. ती म्हणायची, ऑफिसात खाल्लं. ऑफिसात म्हणायची, घरून खाऊन आले. हे सगळं नंतर कळलं.

एका रविवारी, बहुतेक पाचवा, काकूंनी टेप खाली ठेवली आणि तिला समजवायचा प्रयत्न केला. बाहेर ऊन तापायला लागलं होतं, कूलर पहिल्यांदाच सुरू केला होता, त्याच्या आवाजात मोठ्याने बोलावं लागत होतं.

"मिनल, ऐक माय. अंगाचं काय घेऊन बसली? माणूस पाहावं माणसाचं. तू किती चांगली आहेस. पियूष तुले पाहून हो म्हणाला न? त्यानं का टेप लावली होती?"

मिनल कूलरसमोर बसली होती. तिला थंडी वाजत होती, एप्रिलच्या तोंडावर, म्हणून तिने ओढणी गच्च लपेटली होती. ती म्हणाली, "मग काकू, तुम्ही फोटोत मागे काहून उभ्या राहता?"

"मी कुठं?"

"प्रत्येक फोटोत. साक्षगंधाचे पाहा. हळदीकुंकवाचे पाहा. तुम्ही कोणाच्या तरी खांद्यामागे. फक्त डोकं दिसते तुमचं."

काकू हसण्यावारी न्यायला लागल्या. "अवं, मी पुढं उभी राहिली तर बाकीचे दिसणार नाहीत."

"तेच तर," मिनल म्हणाली.

देवकीकाकू जाड आहेत. लग्न होऊन उमरेडजवळच्या गावातून आल्या तेव्हा काडीसारख्या होत्या, मग दोन बाळंतपणं, मग थायरॉईड. नवरा गणपतराव माणूस वाईट नाही, पण चारचौघांत बायकोवर विनोद करणं हा त्याचा मायेचा प्रकार आहे. "हिले स्कूटीवर बसवलं की पुढचं चाक सलाम करते." काकू सगळ्यांच्या आधी हसतात. स्वतःचा ब्लाऊज त्या जुना ब्लाऊज कापडावर ठेवून कापतात, दर वेळी अंदाजाने थोडा मोठा. बावीस वर्षांत हजारो बायांचं माप घेतलं आणि स्वतःला एकदाही टेप लावली नाही. मिनलचं ऐकून त्यांनी टेप उचलली. सदतीस होतं. त्या म्हणाल्या, "साडेचौतीस."

सातव्या रविवारी टेपवर साडेछत्तीस आलं. काकूंनी चौतीस सांगितलं.

त्यांना वाटलं, संपलं एकदाचं. तिला हवा तो आकडा मिळाला, आता ती थांबेल. मिनल टाळी वाजवून म्हणाली, "ब्लाऊज द्या!" हे काकूंच्या डोक्यातच आलं नव्हतं. खोटा आकडा कानाला चालतो, पण ब्लाऊजला कुठे कान असतात? तो चौतीसचा होता आणि साडेछत्तिसाच्या अंगावर बसणार नव्हता.

त्यांनी नको म्हणून पाहिलं. नंतर घाल, इस्त्री करायची आहे, घाम लागेल. मिनल तोवर पडद्यामागे गेलीही होती. मग हुकांचा टिकटिक आवाज, पुन्हा पुन्हा. मग ती पडदा सारून बाहेर आली. ब्लाऊजच्या दोन बाजूंमध्ये दोन बोटांची फट होती आणि त्या फटीतून तिच्या छातीचं हाड दिसत होतं.

"काकू, मी चौतीस आहे न?"

खरं सांगायची ती वेळ होती. काकू म्हणतात, त्या क्षणी फक्त एवढंच बोलायचं होतं की बाई, मी तुझ्याशी खोटं बोलले, सगळ्यांशीच बोलते. पण मग बावीस वर्षांतल्या बाया त्यांना डोळ्यांसमोर दिसल्या, प्रताप नगरपासून नंदनवनपर्यंत, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "सिल्क आहे वं. आटलं असंन."

मिनलने ब्लाऊजकडे पाहिलं, मग आरशात स्वतःकडे. "कापड नाही आटलं," ती म्हणाली. "माझी हाडंच जाड आहेत. चौतीस होऊन पण मी अशीच दिसते." ती रडली नाही. शांतपणे ब्लाऊज काढून घडी घातली. "म्हणजे मला बत्तीस व्हावं लागेल."

"उसवून देते मी. माय, आत्ता उसवते, दहा मिनिटं बस."

"शपथ घेतली होती तुम्ही."

पुढच्या रविवारी ती आली नाही. मंगळवारी सदरला ऑफिसच्या जिन्यात कोसळली. दुपारी दोनची वेळ, बाहेर त्रेचाळीस डिग्री. ऑफिसातल्यांना वाटलं ऊन लागलं. दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि प्रमोदिनीताईंना बाजूला घेऊन विचारलं, ही मुलगी किती दिवसांपासून जेवली नाही? अंगातले क्षार इतके उतरले होते की हृदयाचे ठोके चुकत होते. शेवटचे चार दिवस तर तिने पाणीसुद्धा मोजून प्यायलं होतं. पाणी प्यायलं की पोट फुगतं म्हणून.

पाच दिवस ती आयसीयूच्या काचेच्या खोलीत होती. सहाव्या दिवशी साध्या खोलीत आणली. हाताला सलाईन, केस उशीवर झडलेले. पियूष आला होता, संत्री घेऊन. तो घाबरलेला होता, काय बोलावं त्याला समजत नव्हतं, म्हणून मुलं जे बोलतात ते बोलला. "टेन्शन नको घेऊस. फेस तर एकदम मस्त झाला आहे. शार्प." प्रमोदिनीताई सांगतात, सहा दिवसांत मिनल पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

डॉक्टर म्हणाले होते, आता औषधापेक्षा अन्न महत्त्वाचं. प्रमोदिनीताई मऊ खिचडी करून आणायच्या. दोन चमचे जायची. एका दिवशी चार गेले. त्या दिवशी त्यांनी काकूंना फोन केला. "तुम्ही या न, ताई. तुमचं ऐकते ती. तिले सांगा काही."

काकू रात्रंदिवस एकच विचार करत होत्या. पोरीला वाटतं आपण चौतीस होऊनही ब्लाऊजमध्ये बसलो नाही, म्हणजे आपल्या हाडांतच खोट आहे. तिला कळलं पाहिजे की खोट हाडांत नव्हती, माझ्या तोंडात होती. मग ती माझ्यावर चिडेल, शिव्या देईल, आणि सुटेल. खरं बोलायला उशीर झाला, पण खरं बोललं की गाठ सुटते, असा त्यांचा विश्वास होता. त्यांनी टेबलाच्या खणातून वही काढली. बावीस वर्षांत पहिल्यांदा ती घराबाहेर गेली.

दुपारची वेळ होती. मिनल पलंगावर टेकून बसली होती. समोर वाटीत खिचडी, चमचा तिच्याच हातात. काकू स्टुलावर बसल्या. प्रमोदिनीताई दाराशी उभ्या.

"मिनल, मी तुह्याशी खोटं बोलली," काकू म्हणाल्या. "दर रविवारी. आकडा कमी करून सांगत होती. मी सगळ्यांलेच तसं सांगते, आदत आहे माही. तुले चौतीस म्हटलं तेव्हा तू चौतीस नव्हती. म्हणून ब्लाऊज लागला नाही. तुह्यात काहीच खोट नाही, माय. हे पाहा, यात खरं लिहिलं आहे."

त्यांनी वही तिच्यासमोर उघडून धरली. मिनलने चमचा वाटीत ठेवला. सलाईनच्या हाताचं बोट ओळीवरून हळूहळू फिरवलं. फेब्रुवारी, अडतीस. अडतीस. साडेसदतीस. तिचं बोट खाली खाली गेलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं.

"साडेछत्तीस?"

"हो."

"म्हणजे मी चौतीस कधीच नव्हते."

"नव्हती. त्याची काही गरजच नव्हती वं."

मिनलने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली, जणू अंगावर कपडेच नाहीत. तिचा चेहरा लाल झाला, कानापर्यंत. "आणि मी सगळ्यांना सांगत फिरले," ती म्हणाली. "ऑफिसात सांगितलं. पियूषला सांगितलं. श्वेताताईला फोटो पाठवला." मग तिने खिचडीची वाटी दोन बोटांनी लांब सरकवली. "आई, ने हे."

"चारच चमचे वं, मिनल. सकाळी खाल्ले न."

"सकाळी मला माहीत नव्हतं."

त्यानंतर तिने एक चमचाही घेतला नाही. दुसऱ्या दिवशी नाकातून नळी घालावी लागली.

मे महिन्यातलं लग्न पुढे गेलं. मुलाकडचे म्हणाले, तब्येत सुधारू द्या, घाई नाही. आधी रोज फोन यायचा, मग दोन दिवसांनी, आता प्रमोदिनीताईच करतात. श्वेताने स्वतः फोन करून सांगितलं की तो ब्लाऊज तिला स्वतःलाही आता होत नाही, जाळून टाका तो. ते मिनलला सांगायची कुणाची हिंमत झाली नाही. मिनल घरी आली आहे. नळी काढली आहे. ती थोडं खाते, नंतर न्हाणीघरात जाऊन नळ सोडते, आणि प्रमोदिनीताई दाराबाहेर उभ्या राहून पाण्याच्या आवाजाखालचा दुसरा आवाज ऐकतात. आठवड्यातून एकदा समुपदेशनाच्या बाईंकडे नेतात. त्या म्हणाल्या, वर्ष लागेल, दोन लागतील, आणि नक्की काही सांगता येत नाही.

काकू दोनदा भेटायला गेल्या. दुसऱ्यांदा प्रमोदिनीताईंनी दार अर्धंच उघडलं. "ताई, राग मानू नका. मिनल म्हणते, काकूंना येऊ देऊ नको. तुम्हाले पाहिलं की ती दोन दिवस जेवत नाही." दोघी बावीस वर्षांपासूनच्या शेजारणी. काकू त्याच पावली परतल्या.

आता काकू आकडा सांगत नाहीत, खरा नाही, खोटाही नाही. टेप लावतात, वाचतात, लिहितात, वही मिटतात. बायांना हे चालत नाही. "किती आलं ताई?" असं विचारतात. काकू म्हणतात, "बसेल असं शिवते." बाई पुन्हा विचारते. काकू पुन्हा तेच म्हणतात. परवा एक जुनं गिऱ्हाईक तावातावाने बोललं, "एवढं काय लपवून राहिल्या? फारच वाढली का मी?" आणि पीस परत घेऊन गेलं. बऱ्याच बाया आता चौकातल्या नव्या बुटीककडे जातात. तिथे आकडा मोठ्याने सांगतात, आणि शेजारी जिमचं कार्डही ठेवलेलं असतं.

गेल्या महिन्यात सुट्टीवर आले तेव्हा मी काकूंकडे गेले होते. त्यांनी मला मशीनसमोर बसवलं, चहा दिला आणि हे सगळं सांगितलं. मधे मधे मशीनचं चाक हाताने फिरवत होत्या, सुईखाली कापड नव्हतं. मी त्यांना पुस्तकातलं सांगू लागले. म्हटलं, काकू, शरीराचा आदर, स्वतःची किंमत, असं हल्ली खूप लिहितात, मिनललाही वाचायला देऊ या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "ते चांगलंच असंन. पण मले वेगळं विचारायचं आहे. त्या सातव्या रविवारी ती पडदा सारून बाहेर आली, ब्लाऊज लागत नव्हता, आणि माह्याकडे पाहत होती. आकड्यासाठी नव्हती पाहत ती, मले आता समजते. तिले दुसरंच काही ऐकायचं होतं. माह्या मायनं मले कधी सांगितलं नाही, सासूनं नाही, नवऱ्यानं तर नाहीच. मी कोणाले सांगितलं नाही. मले येतच नव्हतं ते. खोटं येत होतं, खरं येत होतं, ते तिसरं येत नव्हतं. तू एवढी शिकली आहेस बाई, तूच सांग. तिथं, तिच्यासमोर उभं राहून, मी काय म्हणायले पाहिजे होतं?"